गोड पानाचा प्रयोग आणि टेबलाखालची बरणी

गेल्या डिसेंबरात वसई तालुक्यातील एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले होते. परीक्षक म्हणून तेथे जाण्याचा योग आम्हाला आला. मांडलेल्या प्रकल्पांपैकी सर्वांत जास्त गर्दी होती ती नववीच्या तीन विद्यार्थ्यांच्या ‘साखरेला नैसर्गिक पर्याय’ या प्रकल्पाभोवती. टेबलावर कुंडीत एक हिरवेगार रोप होते. शेजारी वाळलेल्या पानांची पूड, दुकानातून आणलेल्या काही पुड्या, दोन परीक्षानळ्या आणि चाखण्यासाठी बिनसाखरेचा गोड चहा. पाठीमागच्या तक्त्यावर दोन रकाने होते. डाव्या रकान्यावर काळ्या अक्षरांत ‘साखर – पांढरे विष’, उजव्या रकान्यावर हिरव्या अक्षरांत ‘गोड तुळस – निसर्गाचे वरदान’.

मुलांची तयारी चांगली होती. ती न अडखळता बोलत होती, प्रश्नांना हसतमुखाने उत्तरे देत होती. आम्ही त्यांना भरपूर गुण दिले आणि प्रकल्पाला दुसरा क्रमांक मिळाला. हा लेख त्या मुलांना दोष देण्यासाठी नाही. त्या टेबलापाशी परीक्षक म्हणून आम्ही जे प्रश्न विचारायला हवे होते ते विचारले नाहीत, त्याची ही भरपाई आहे. असा प्रकल्प दर वर्षी कोठे ना कोठे मांडला जातो. म्हणून आमच्या शिक्षकमित्रांनाही ही चिकित्सा उपयोगी पडेल असे वाटते.

तुळस नव्हे, आणि आपल्याकडची नव्हे

प्रथम रोपाची ओळख. बाजारात ‘गोड तुळस’ किंवा ‘मधुपर्णी’ या नावाने मिळणारी ही वनस्पती म्हणजे स्टीव्हिया रीबाउडिआना. तक्त्यावर तिला ‘तुळशीची एक जात’ म्हटले होते. तुळस पुदिन्याच्या कुळातील आहे, तर स्टीव्हिया सूर्यफूल आणि झेंडू यांच्या कुळातील. दोघींचे नाते फक्त बाजारातल्या नावापुरते आहे.

‘आपल्या पूर्वजांना ठाऊक असलेली वनस्पती’ असेही तक्त्यावर होते. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे आणि त्याला लागून असलेल्या ब्राझीलच्या भागातली. तेथील ग्वारानी लोक तिची पाने कडवट पेयांत गोडीसाठी घालत. मोइसेस बेर्तोनी या मूळच्या स्वित्झर्लंडच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. १९३१ साली ब्रिदेल आणि लाव्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पानांतून गोड पदार्थ वेगळा काढला. १९७०च्या दशकात जपानने त्याचा व्यापारी वापर सुरू केला. म्हणजे पूर्वज होते खरे, पण ते ग्वारानींचे.

हा दोष किरकोळ वाटेल. पण ‘तुळस’ आणि ‘पूर्वज’ हे दोन शब्द वाचणाऱ्याच्या मनात विश्वास निर्माण करतात, आणि तो विश्वास कोणत्याही पुराव्याने मिळवलेला नसतो. विज्ञानाच्या तक्त्यावर तरी असा विश्वास उधार घेऊ नये.

परीक्षानळीत काय दिसले?

प्रकल्पातील मुख्य प्रयोग असा होता. एका परीक्षानळीत ‘साखरेचे द्रावण’ आणि दुसरीत पानांचा अर्क घेतला. दोन्हींत बेनेडिक्टचे द्रावण घालून नळ्या गरम पाण्यात ठेवल्या. पहिल्या नळीतील निळा रंग जाऊन विटकरी रंग आला. दुसरी जवळजवळ निळीच राहिली. निष्कर्ष : साखरेत शर्करा आहे, गोड पानात नाही.

पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कोणालाही येथे थबकायला हवे. आपण चहात घालतो ती साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोज बेनेडिक्टच्या द्रावणाला विटकरी रंग देत नाही. ही चाचणी क्षपणकारक शर्करांची आहे. ग्लुकोज, फ्रुक्टोज, दुधातील लॅक्टोज यांना ती प्रतिसाद देते. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांशी अशा रीतीने जोडलेले असतात, की त्यांचे क्रियाशील गट मोकळे राहत नाहीत. त्यामुळे साध्या साखरेची नळी निळीच राहायला हवी. मग विटकरी रंग आला कोठून? आम्ही नंतर विचारले तेव्हा कळले, की साखरेने ‘प्रयोग नीट होत नव्हता’ म्हणून मुलांनी औषधाच्या दुकानातील ग्लुकोजची पूड वापरली होती आणि चिठ्ठी मात्र ‘साखर’ अशीच ठेवली होती.

म्हणजे ज्या चाचणीने गोड पान ‘शर्करामुक्त’ ठरवले, तिनेच साखरही शर्करामुक्त ठरवली असती. प्रयोग ‘नीट होत नव्हता’ तेव्हाच खरे तर तो नीट होत होता. तो मुलांना काहीतरी सांगत होता. साखरेच्या द्रावणात थोडे विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ते तापवले, थंड झाल्यावर खाण्याच्या सोड्याने उदासीन केले आणि मग बेनेडिक्टचे द्रावण घातले, तर विटकरी रंग येतो, कारण आम्लामुळे सुक्रोजचे जलअपघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळे होतात. हा एक तासिकेचा सुंदर पाठ होता. ठरलेल्या उत्तरासाठी तो बाजूला सारला गेला.

याच चाचणीचा एक चांगला उपयोग टेबलावरच शक्य होता. दुकानातल्या पुड्या तपासायच्या. शुद्ध स्टीव्हिया-अर्क साखरेच्या सुमारे २०० ते ३०० पट गोड असतो. तो चिमटीतही मोजता येत नाही, म्हणून पुडीत दुसरा भरीचा पदार्थ घालतात. काही उत्पादनांत तो डेक्स्ट्रोज असतो, काहींत माल्टोडेक्स्ट्रिन, काहींत लॅक्टोज, तर काहींत एरिथ्रिटॉल. डेक्स्ट्रोज हे ग्लुकोजचेच दुसरे नाव. ज्या पुडीवर समोर हिरवे पान छापलेले आहे तिच्यातील पूड बेनेडिक्टच्या द्रावणात विटकरी झाली, तर विद्यार्थी आपोआप पुडीची मागची बाजू वाचतील. एका पुडीतील ग्रॅमभर डेक्स्ट्रोजचे सुमारे ४ उष्मांक होतात आणि चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम साखरेचे २०. फरक आहे, पण ‘शून्य’ आणि ‘थोडे’ हे वेगळे शब्द आहेत.

गोडी येते कोठून, जाते कोठे?

वाळलेल्या पानात गोडी देणारे पदार्थ मुख्यत्वे दोन : स्टीव्हिओसाइड आणि रीबाउडिओसाइड-ए. त्यांना स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड म्हणतात. स्टीव्हिऑल हा गाभा, आणि त्याला ग्लुकोजचे रेणू जोडलेले. स्टीव्हिओसाइडमध्ये ग्लुकोजचे तीन रेणू असतात, रीबाउडिओसाइड-ए मध्ये चार. म्हणजे ‘यात ग्लुकोज मुळीच नाही’ हे तक्त्यावरचे विधानही रसायनशास्त्राच्या दृष्टीने अपुरे आहे.

मग रक्तातील साखर का वाढत नाही? आपल्या लहान आतड्यातील विकरे हे बंध तोडू शकत नाहीत. रेणू तसाच मोठ्या आतड्यात जातो. तेथील जीवाणू ग्लुकोज तोडून स्वतः वापरतात. उरलेला स्टीव्हिऑल शोषला जातो, यकृतात त्यावर प्रक्रिया होते आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. शिवाय मात्राच इतकी लहान असते, की त्यातील ग्लुकोजचा हिशेब नगण्य ठरतो. ही माहिती तक्त्यावरच्या ‘वरदान’ या शब्दापेक्षा कितीतरी मनोरंजक आहे, आणि आठवी-नववीच्या मुलांना ती सहज समजते.

सुरक्षिततेविषयीही ठोस बोलता येते. अन्नातील मिश्रकांचे मूल्यमापन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २००८ साली स्टीव्हिऑलच्या हिशेबाने दररोज शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४ मिलिग्रॅम ही मर्यादा निश्चित केली. ५० किलो वजनाच्या माणसाला हे २०० मिलिग्रॅम होतात. स्टीव्हिओसाइडच्या रूपात मोजले तर सुमारे ५०० मिलिग्रॅम, म्हणजे २०० पट गोडी धरून जवळजवळ १०० ग्रॅम साखरेची गोडी. चहापुरता वापर करणारा या मर्यादेच्या बराच आत राहतो. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१५ साली या ग्लायकोसाइडचा ठरावीक पदार्थांत ठरावीक प्रमाणात वापर करण्यास परवानगी दिली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २००८ साली शुद्ध रीबाउडिओसाइड-ए बाबत हरकत नसल्याचे कळवले. मात्र तेथे अख्खे पान किंवा कच्चा अर्क यांना गोडीचा पदार्थ म्हणून अशी मान्यता नाही. ‘जितके निसर्गाच्या जवळ तितके सुरक्षित’ या समजुतीच्या हे नेमके उलट आहे. मान्यता मिळाली ती कारखान्यात शुद्ध केलेल्या पदार्थाला, कारण त्यात काय आणि किती आहे हे सांगता येते.

‘नैसर्गिक’ या शब्दाने काय सांगितले?

येथे आपण मुख्य आक्षेपाकडे येतो. तक्त्याचे दोन रकाने ‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ अशा समजुतीवर उभे होते. पण साखर तरी कोठून येते? ऊस ही वनस्पतीच आहे. वसईकरांना हे सांगायची गरज नाही. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटिअरमध्ये या भागातील ऊस आणि केळीच्या बागांचा आणि आगाशीच्या सुकेळ्यांचा उल्लेख आहे. राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात वाळवून केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी आजही आगाशी-विरारकडे मिळतात. त्यांत कोणी साखर घालत नाही. पाणी निघून जाते आणि केळ्यातील शर्करा मागे राहते, म्हणून तोलास तोल सुकेळे ताज्या केळ्यापेक्षा कितीतरी गोड. त्याबरोबर तंतू आणि पोटॅशियमही मिळते, हे खरेच. पण मधुमेही माणसाने ‘नैसर्गिक’ म्हणून चार सुकेळी खाल्ली तर रक्तातील साखर त्याची भीड ठेवत नाही. ताडाच्या नीरेत शेकडा दहाहून अधिक शर्करा असते, आणि ती बहुतांशी सुक्रोजच. गुळातही मुख्य घटक तोच. एकच रेणू, चार रूपे.

उलट बाजूही पाहू. जेष्ठमधाची गोडी ग्लिसिरायझिन या पदार्थामुळे येते. पूर्णपणे नैसर्गिक. पण जेष्ठमध फार दिवस आणि फार प्रमाणात खाल्ले तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम कमी होते. विड्यात घालतात तो गुंजेचा पाला गोड असतो, आणि त्याच वेलीच्या लालकाळ्या बियांत ॲब्रिन हे जहाल विष असते. एकाच वेलीवर दोन्ही. यापेक्षा बोलके उदाहरण शिक्षकाला मिळणार नाही.

‘नैसर्गिक’ हा शब्द पदार्थ कोठून आला एवढेच सांगतो. तो शरीरात काय करतो, किती प्रमाणात करतो, कोणाच्या शरीरात करतो, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नाही. तसेच ‘विष’ या शब्दाचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या आणि मध, रस यांतील मोकळ्या शर्करा रोजच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असाव्यात, आणि पाच टक्क्यांच्या आत असल्यास अधिक चांगले. दोन हजार उष्मांकांच्या आहारात दहा टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. येथे मर्यादा आहे, आकडा आहे. विषाची भाषा नाही.

त्याच संघटनेने मे २०२३ मध्ये आणखी एक मार्गदर्शक सूचना काढली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी वापरायच्या गोड पदार्थांवर अवलंबून राहू नये, असा तिचा आशय. या पदार्थांच्या यादीत स्टीव्हियाही आहे. थोड्या काळाच्या चाचण्यांत वजन किंचित घटलेले दिसले, पण दीर्घकाळच्या निरीक्षणांत तो फायदा टिकलेला दिसला नाही. असे पदार्थ खाणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळले, पण ज्यांना आधीच धोका होता तेच लोक असे पदार्थ अधिक खात असतील, हीही शक्यता आहे. म्हणून ही शिफारस सशर्त आहे, आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ती नाही. असा ‘बहुधा’ आणि ‘अजून’ असलेला निष्कर्ष तक्त्यावर मांडणे कठीण असते, हे आम्हालाही मान्य आहे. पण विज्ञान शिकवायचे तर हेच शिकवायला हवे.

आजींचा प्रश्न

हे सारे आम्हाला इतके महत्त्वाचे का वाटले, ते सांगतो. आम्ही टेबलापासून निघत असताना एक आजी तेथे आल्या. नातवाचा प्रकल्प पाहायला आल्या असाव्यात. त्यांनी चहा चाखला, तक्ता वाचून घेतला आणि विचारले, “बाळ, मग हे पान घेतले तर माझी साखरेची गोळी बंद केली तरी चालेल ना?” मुलगा क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, “हो आजी, हे नैसर्गिक आहे.”

आम्ही लगेच मध्ये पडलो. पण ते आधीच बोलून झाले होते. त्या दिवशी किती जणांनी असे ऐकले, ते कोण सांगणार?

आजींना सांगितले ते येथेही सांगतो. चहातील साखर बंद केली तरी भात, भाकरी, पाव यांतील स्टार्चचे पचनानंतर ग्लुकोजच होते. शिवाय यकृत स्वतःही ग्लुकोज तयार करून रक्तात सोडत असते. गोळी काम करते ती या साऱ्यावर. गोड पानाने फक्त चहाची साखर वाचते. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टर रक्त तपासून ठरवतील. दुसरी गोष्ट त्याहून तातडीची. काही गोळ्यांमुळे किंवा इन्सुलिनमुळे रक्तातील साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोके हलके होते. अशा वेळी गोड पानाचे सरबत काहीही कामाचे नाही. तेव्हा हवी असते ग्लुकोजची पूड किंवा ते तक्त्यावरचे ‘पांढरे विष’. साखर पूर्ण हद्दपार केलेल्या घरातही ती हाताशी असायला हवी.

टेबलाखालची बरणी

संध्याकाळी सामान आवरताना टेबलाच्या कापडाखालून एक बरणी निघाली. आत मोरावळा होता. मुलांनी आठ-दहा दिवसांपूर्वी साखरेऐवजी स्टीव्हियाची पूड वापरून केला होता. वर पांढरट-हिरव्या बुरशीचा थर आला होता. “खराब झाला सर, म्हणून ठेवला नाही,” एक मुलगी खाली पाहत म्हणाली.

त्या प्रकल्पातील सर्वांत मोलाचे निरीक्षण टेबलाखाली होते. मोरावळ्यात साखर फक्त गोडीसाठी नसते. दाट पाकात पाणी साखरेशी इतके बांधलेले असते, की बुरशी आणि जीवाणू यांना ते मिळत नाही. परासरणाने उलट त्यांच्याच पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. किलोभर साखरेच्या गोडीला शुद्ध अर्क पाच ग्रॅमच्या आसपास पुरतो, पण पाच ग्रॅम पूड किलोभर साखरेचे हे काम करू शकत नाही. त्याच कारणाने तिचा पाक होत नाही, चिक्की होत नाही, भाजताना साखरेसारखा तांबूस रंग येत नाही, आणि यीस्टला तिच्यावर पाव फुगवता येत नाही. ‘साखरेला पर्याय’ म्हणताना साखरेच्या कोणत्या कामाला पर्याय, हा प्रश्न त्या बरणीने विचारला होता. मुलांना वाटले प्रयोग फसला. आपणच त्यांना तसे शिकवले, कारण आपण गुण देतो ते यशाला, निरीक्षणाला नव्हे.

शिक्षकमित्रहो, पुढच्या वर्षी हा प्रकल्प कोणी घेऊन आले तर त्याला नाही म्हणू नका. रोप जरूर लावा. पण दोन रकान्यांचा तक्ता काढून टाका आणि त्याजागी प्रश्न लिहा. दोन सारख्या बरण्या ठेवा, एक साखरेची, एक अर्काची, आणि रोजची नोंद करा. यीस्टच्या दोन बाटल्यांच्या तोंडाला फुगे लावा. साखर, ग्लुकोज, गूळ, सुकेळ्याचा अर्क, पानाचा अर्क आणि दोन प्रकारच्या पुड्या यांची बेनेडिक्ट चाचणी घ्या आणि आलेला रंग जसाच्या तसा लिहा. पुडीच्या मागे ९६० हा क्रमांक आणि भरीच्या पदार्थाचे नाव शोधायला सांगा. आणि टेबलावर ठळक अक्षरांत एक ओळ हवीच : ‘यावरून औषध बंद करू नये.’

त्या मुलीला आम्ही बरणी फेकू नको म्हणालो. तिने ती शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडकीपाशी ठेवली आहे. तारखेची चिठ्ठी आता तिने स्वतःच लावली आहे. दुसऱ्या क्रमांकाचे प्रशस्तिपत्र आम्ही परत घेऊ शकत नाही. पण आज गुण द्यायचे झाले तर ते या बरणीला देऊ.